सुमनकाकू, लाटणी परत आणली

निनानं मदत केली, काकू. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्हाला ते खरं वाटणार नाही. "तिला आपल्यातलं काही नको असतं गं, एक पुरणपोळी सोडली तर," असं जिच्याबद्दल तुम्ही म्हणायचात, त्या तुमच्या लेकीनं दोन दिवस रजा काढली. सकाळी आठच्या आत लुडविग्सबुर्गहून आली आणि माझ्या स्वयंपाकघरात त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून राहिली. ती नसती तर माझ्याकडून हे झालं नसतं. काल प्रार्थनाघराच्या बाहेर दोघं-तिघं मला म्हणाले, सुरेखा, किती छान केलंस. मी प्रत्येकाला तिथल्या तिथं सांगितलं, मी एकटीनं नाही, निनानं.

आता काय झालं ते. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. जायच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलात मी तुमच्या कानाला हेडफोन लावून जी सीडी ऐकवली, ती मी नासवलेली होती. तुम्हाला ते कळलं होतं. मला कळलं नव्हतं. आणि मला कळेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

तुमची-माझी ओळख एका पाटीमुळे झाली, आठवतं? जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या त्या घरात येऊन मला पंधरा दिवस झाले होते. आमचे हे सकाळी दहाला रेस्टॉरंटच्या भटारखान्यात जायचे ते रात्रीच परत. एक दिवस दाराच्या मुठीला लाकडाची पाटी लटकलेली दिसली. काहीतरी जाहिरात असेल म्हणून मी ती काढून शेजारच्या दाराला अडकवली. तासाभरात तळमजल्याची म्हातारी वर येऊन काय काय बोलून गेली, मला एक शब्द कळला नाही. मग तुम्ही आलात. दारातच उभ्या राहून म्हणालात, "अगं, ही केअरवोखेची पाटी. ज्याच्या दाराला लागेल त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. तू ती शेजाऱ्यांना लावलीस, म्हणजे त्यांच्या हातात केरसुणीच दिलीस."

इतक्या दिवसांनी बाहेरच्या कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं आणि मला रडूच आलं.

"रडतेस काय? जिना झाडता येतो ना?"

"येतो."

"मग झालं. या गावातलं निम्मं काम तुला येतं."

तेव्हापासून मी खाली तुमच्याकडे येत राहिले. तुमचे हात थरथरायचे, म्हणून कणीक मी मळायची, सुईत दोरा मी ओवायचा. मी आठवीनंतर शाळा सोडली हे तुम्ही तिसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलंत. आई आजारी पडली, धाकटी दोघं होती, मी थोरली, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे त्या मोठ्या माणसांच्या शाळेचा, फॉर्म आणून टेबलावर ठेवलात. त्या फॉर्मवरून आपलं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. "भरलास का?" "भरते काकू." "कधी?" "सणवार होऊ दे." शेवटी एकदा चिडून म्हणालात, "तू मूर्ख नाहीस, घाबरट आहेस. मूर्ख परवडला." त्याचा मला राग आला होता. चार दिवस खाली आले नव्हते. तुम्ही बोलवायला आला नाहीत, पण पाचव्या दिवशी खिडकी उघडी ठेवून खमंग भाजणी भाजलीत. वास वर आला. मी आले.

मग ती तबकडी.

तुम्हाला या देशात येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हा श्रावणात तुम्ही सातजणी एका चर्चच्या सभागृहात मंगळागौर खेळलात. कुणाच्या तरी नवऱ्यानं ती टेप केली आणि एका छोट्या कंपनीकडून त्याच्या पन्नासेक तबकड्या काढून आणल्या, हिरव्या लेबलाच्या, बशीएवढ्या. एका बाजूला लाटण्यांचा खेळ, दुसऱ्या बाजूला झिम्मा. गाणी तुमचीच, इथंच रचलेली. कोळशाचं तळघर, बर्फात रुतलेली चप्पल, विमानानं येणारी सासूची पत्रं. बाकीच्या सहाजणी कुठं कुठं गेल्या, त्यांच्या तबकड्या हरवल्या. उरली ती तुमची एक. आणि ती वाजवली की तव्यात मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा, त्याच्यामागे कुठंतरी तुम्ही गात असायचात.

"हे तुझ्या काकांचे प्रताप," तुम्ही म्हणायचात. त्या काळी इथं पद्धतच होती म्हणे, सुईच्या पुढं एक बारीक नळी बसवायची आणि तबकडी पाण्यात भिजवत वाजवायची. ओली असेपर्यंत आवाज मलईसारखा. वाळली की पाण्यातला सगळा गाळ त्या बारीक चरांत बसतो. काकांनी सात-आठ वर्षं हौसेनं भिजवली. त्यात घर बदलताना तिच्यावर कडेपासून मधल्या भोकापर्यंत एक लांब ओरखडा पडला. "मला ही एकदा नीट ऐकायची आहे," तुम्ही म्हणालात. "मग मी काही मागणार नाही." ते खोटं होतं, तुम्ही पुष्कळ काही मागितलंत. पण खरोखर मनापासून मागितलेलं ते एवढंच, हे मला आता कळतंय.

गाळ काढायला काय वापरायचं यावर तुमचं-माझं भांडण झालं. तुम्ही दुकानातलं स्पिरिट म्हणत होतात. मी म्हटलं, काकू, आमच्याकडे पैठणी आणि सोनं रिठ्यानं धुतात, हे तर काळं प्लास्टिक. तुम्ही हसलात, आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघी त्या बिओलाडेनमध्ये, सेंद्रिय मालाच्या दुकानात, गेलो तर तिथं सुरेख पिशवीत रिठेच, नाव फक्त जर्मन. मी ते उकळले, पंच्यातून तीनदा गाळले. पहिल्या वेळी पाणी लेबलावर गेलं आणि हिरवा रंग फुटला. तुम्ही म्हणालात, "लेबल काही गात नाही. चालू दे." मग मी मध्ये वाटी उपडी धरून कडेकडेनं मऊ ब्रशानं धुतली. वाळली, लावली. निम्मी मोहरी गेली होती. तुम्ही हाताची घडी घालून ऐकत राहिलात आणि म्हणालात, "आठवी नापास."

"पास, काकू. आठवी पास."

"आठवी पास," तुम्ही सुधारून घेतलंत.

उरलेलं कॉम्प्युटरवर काढायचं होतं. निनानं टाकून दिलेला तो जुना कॉम्प्युटर, मागे फ्रिजएवढं पोट असलेला. तुम्ही पडद्याच्या कडेनं देवनागरीत चिठ्ठ्या चिकटवल्यात, "इथं उघड", "इथं थांबव", "इथं मोठं कर". आवाज पडद्यावर निळ्या डोंगरांसारखा दिसायचा. कचकच म्हणजे त्या डोंगरात मध्येच उभी राहिलेली सुई. खूप मोठं करायचं, सुईचं टोक शोधायचं, आणि पेन्सिलीचं चित्र पकडून अलीकडची रेघ पलीकडच्या रेघेला जोडून टाकायची. एक सुई गेली. मग पुढची. एका यादीत एक बटण होतं, ते दाबलं की म्हणे यंत्र सगळ्या सुया आपोआप काढतं. त्याच्या शेजारी तुम्ही लाल शाईत चिठ्ठी लावलीत, "हे नको."

"का नको? दोन मिनिटांत होईल."

"पालेभाजी निवडताना जुडीच्या जुडी फेकतेस का?"

"पण काकू, सगळ्या सुया सारख्याच दिसतात."

"दिसू दे. ओरखडा तबकडीच्या एका फेरीला एकदाच येणार, घड्याळासारखा. मोजून बघ. बाई कधी घड्याळासारखी वाजवत नाही."

मोजलं. खरंच होतं. ओरखड्याच्या सुया एकसारख्या अंतरावर, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. लाटण्यांच्या सुया थोड्या पुढं, थोड्या मागं. दोन महिन्यांत आपलं निम्मं गाणं झालं. पुढं गाणं जलद होतं तिथं आपण अडकलो होतो.

आणि तुमच्या छातीत पाणी झालं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला अर्धंच कळलं, पण त्यांनी तुमच्या खाटेकडे न बघता सांगितलं, तेवढ्यावरून उरलेलं समजलं. मी घरी आले. कॉम्प्युटर तेव्हा वर माझ्याकडेच होता. लाल चिठ्ठीकडे बघितलं आणि ते बटण दाबलं. जोर विचारला तर सगळ्यात जास्त सांगितला. दोन मिनिटं लागली, मी म्हटलं होतं तशी. सुरुवात ऐकली, तुम्ही एकट्या गाता तो भाग. धुतल्यासारखा स्वच्छ. मला इतका आनंद झाला की पुढचं ऐकलंच नाही. त्याच नावानं ठेवून दिलं, म्हणजे आधीचं दोन महिन्यांचं काम पुसलं गेलं. सीडी काढली आणि पळत स्टेशन गाठलं.

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. म्हणालात, "स्वच्छ केलंस गं." मग थोड्या वेळानं, "लाटणी कुठं गेली?"

"पुढं आहेत काकू."

तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. हेडफोन काढायला हात वर केलात तो मी धरला. "नाहीत," तुम्ही म्हणालात. "तीच तर ऐकायची होती."

"उद्या आणते."

"घाई करू नकोस."

परतीच्या गाडीत मला तुमचा राग आला होता, काकू, हे सांगून टाकते. वाटलं, बाईला काही केलं तरी उणं दिसतं. इतका आवाज स्वच्छ केला त्याचं काही नाही, लाटणी कुठं गेली. घरी येऊन पूर्ण ऐकलं. सातजणी जोरात गातायत, चढत चालल्यात, आणि जिथं लाटण्यावर लाटणं पडायला हवं तिथं नुसती पोकळी. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जात राहते तसा माझा कान तिथं जात राहिला. यंत्राला काय कळणार. जो आवाज छोटा आणि तीक्ष्ण, तो त्याच्या लेखी घाण. त्यानं ओरखड्याबरोबर लाटणीही झाडून टाकली. तुमच्या चिठ्ठीत हेच होतं, दोन शब्दांत.

दुसऱ्या दिवशी मी आले नाही. तुम्हाला काय सांगायचं ते जुळवत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे निनाचा फोन आला.

चार दिवसांनी खालून सामान हलवल्याचा आवाज आला. घरमालकाला घर रिकामं करून हवं होतं. निना खोक्यांमध्ये उभी होती आणि दोन माणसं तुमचं कपाट उतरवत होती. मी जिन्यात तीनदा वाक्य म्हणून पाहिलं होतं. तिच्यासमोर सगळं विसरले. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की तुझ्या आईनं शेवटी जे ऐकलं ते मी बिघडवलेलं होतं, मला ती तबकडी परत वाजवू दे, शुक्रवारच्या अंत्यविधीच्या आत मी नीट करते. ती मराठीत बोलत नाही, पण तिला सगळं कळतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

"कुठली?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"हिरवी. लाटण्यांची."

तिनं हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. म्हणाली, "दास बिन इश."

मला वाटलं माझंच काही चुकलं. ती मी आहे, असं ही का म्हणते? मग तिनं हळूहळू सांगितलं. ती सात वर्षांची होती. सगळ्या बायकांना टाळ्यांसाठी हात मोकळे हवे होते, म्हणून तिला माइकजवळ टेबलावर बसवून हातात दोन लाटणी दिली. तुम्ही बजावलं होतंत, काही झालं तरी थांबायचं नाही. ती घाबरून जोरजोरात वाजवत सुटली, आणि मधल्या कडव्यात सगळ्यांच्या पुढं निघून गेली. तुम्ही सातजणी तिच्यामागे धावलात. म्हणून ते गाणं जलद होतं. आपण दोघी जिथं अडकलो होतो ती जागा ही होती.

"पाहुणे आले की आई ही लावायची," निना म्हणाली, "आणि तिथं आलं की हसायची." मग तुमचं वाक्य तिनं जसंच्या तसं मराठीत म्हटलं, तुमच्याच सुरात, "इथं आमची निना पळाली." सगळे हसायचे. ही खोलीत निघून जायची. मग पाहुण्यांत बसणंच तिनं सोडलं.

काकू, तुम्ही कौतुकानं म्हणत होतात. मला माहीत आहे, कारण मी तुम्हाला ती तबकडी ऐकताना पाहिलंय, त्या जागेला तुम्ही ओठ मिटून हसायचात आणि मला वाटायचं, गाणं आवडतंय. पण एकदा तरी तिला तसं सांगायचंत. मला सांगायचंत. दोन महिने आपण त्या सुया मोजत बसलो, आणि त्या तुमच्या मुलीच्या हाताच्या आहेत हे तुम्ही बोलला नाहीत. मला घाबरट म्हणालात. मग हे काय होतं?

मी निनाला म्हटलं, "आई शेवटी म्हणाल्या, लाटणी कुठं गेली, तीच तर ऐकायची होती." ती खोक्यावर बसली. कपाट उतरवणारा माणूस काहीतरी विचारायला आला आणि विचारल्याशिवाय परत गेला.

मग आम्ही काम केलं. तबकडी पुन्हा रिठ्यानं धुतली, पुन्हा वाजवून कॉम्प्युटरवर घेतली, या वेळी तीन वेगवेगळ्या नावांनी ठेवली. घड्याळासारख्या येणाऱ्या सुया आधी काढल्या. तुमची रीत. मग ती पळालेली जागा. तिथं लाटणी इतकी जवळजवळ पडतात आणि त्यांत धुळीच्या इतक्या सुया मिसळल्यात की डोळ्यांना काही कळेना. निना म्हणाली, "आल्झो, बरं, थांब," आणि माझ्या ओट्यावरची दोन लाटणी घेतली, एक माझं कऱ्हाडचं जड, एक इथल्या तुर्की दुकानातलं काडीसारखं. डोळे मिटले आणि टेबलाच्या कडेवर वाजवायला लागली. तिच्या हातांना पाठ होतं, काकू. तेहतीस-चौतीस वर्षांनी. ती चार ठोके वाजवायची, मी तेवढाच तुकडा ऐकायची. जुळलं ते ठेवायचं, न जुळलं ते काढायचं. "हा मी," ती म्हणायची. "हा नाही. हा मी. हा मी."

दुपारी एकला तळमजल्याची म्हातारी दारात. मिटाग्सरूहे, दुपारची विश्रांतीची वेळ, आणि हे काय ठोकताय? निनानं तिला सांगितलं, आईसाठी आहे, शुक्रवारी वाजवायचं आहे. म्हातारीनं आमच्या हातांतल्या लाटण्यांकडे पाहिलं. "तीननंतर," ती म्हणाली. "तीननंतर जोरात वाजवलंत तरी चालेल." आम्ही तीनपर्यंत चहा पीत गप्प बसलो. तीन वाजता खालून तिनं दार उघडं ठेवल्याचा आवाज आला.

सगळं निघालं नाही. सुरुवातीला थोडी मोहरी अजून तडतडते. दोन ठिकाणी ओरखडा आणि लाटणं एकमेकांवर पडलेत, तिथं मी हात लावला नाही. शंका आली की ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. तीन मिनिटांच्या गाण्याला दोन दिवस लागले. घाई केली नाही.

काल ते वाजवलं. स्मशानाशेजारच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात, एका साध्या स्पीकरवर. मराठी मंडळातली माणसं होती, युनिव्हर्सिटीत शिकणारी चार-पाच मराठी मुलं होती, आपल्या जिन्यातले सगळे होते. आधी तुम्ही एकट्या. मग सहाजणी. मग लाटणी. त्या जागेला निनानं माझं मनगट धरलं, आणि ती पळाली, आणि तुम्ही सगळ्या तिच्यामागे धावलात. समोर बसलेल्या कुणाला काही कळलं नाही. मी एकेक ठोका मोजत होते, काही चुकलं असेल तर म्हणून. काही चुकलं नव्हतं. प्रत्येक ठोका होता.

तुम्हाला ते ऐकवता आलं नाही. याचं मी काही करू शकत नाही. तो फॉर्मही अजून भरलेला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून भरला असं म्हणणार नाही. टेबलावर आहे, नाव-पत्ता लिहिलाय, पुढचा रकाना शाळेचा आहे. झिम्म्याची बाजू अजून धुवायची आहे, ती मी सोमवारी सुरू करते.

नंतर कॉफीला बसलो तेव्हा निना माझ्या शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, त्या गातात काय, नेमकं? मला आधी समजलंच नाही ती काय विचारतेय. इतकं मराठी कळणारी ही. मग म्हणाली, तुमच्या घरातलं रोजचं बोलणं कळतं तिला, भूक लागली, दार लाव, उशीर का झाला. गाण्यातलं कळत नाही. एवढ्याशा वयात जे वाजवलं त्याचा अर्थ तिला कधी कुणी सांगितला नाही, आणि पाहुण्यांचं ते हसणं झाल्यावर तिनं विचारला नाही. मी पहिल्या ओळीचा सांगितला. कोळशाच्या तळघरात नवी नवरी उतरते आणि वर येते ती काळी होऊन, सासूला फोटो कसा पाठवायचा. ती हसली, कपातली कॉफी सांडेपर्यंत. "आणि पुढं?" पुढच्या ओळीत दोन शब्द असे आहेत की मलाच येत नाहीत. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, मग आपण दोघी सारख्याच.

तर काकू, हे मी तुम्हाला सांगून ठेवते. निनानं माझ्यासाठी जे केलं ते मी फेडणार आहे. ती आली की बसू आणि एकेका ओळीचा अर्थ मी तिला सांगेन, दोन्ही बाजूंचा, सगळ्या गाण्यांचा. जो शब्द मला येणार नाही तो माझ्या आईला फोन करून विचारीन, आईला आला नाही तर मावशीला. वर्ष लागेल, दोन लागतील. पण एक दिवस तुमची मुलगी ते गाणं ऐकताना सगळ्यांच्या बरोबर हसेल, आणि कशाला हसतोय ते तिला ठाऊक असेल.